उजवा कौल

लाडूने आमच्या दोघांमधला आरसा उचलला आणि आपल्या पेटाऱ्यावर उभा केला.

तसा आरसा त्याचाच. पण दशावतारी कंपनीत आल्यापासून आम्ही दोघे त्या एकाच आरशात तोंड रंगवत आलो होतो. डावीकडे तो, उजवीकडे मी. तो राक्षस, मी राणी. त्याच्या कोपराचा धक्का लागून माझं काजळ गालावर आलं की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो आणि तो मला "बाईसाहेब" म्हणून मुजरा घालायचा. हा आमचा रोजचा खेळ.

"मेल्या, माका काय तुझी टाळू बघून रंग लावूक व्हयो?" मी म्हटलं.

"तू आज रंग लावू नको," लाडू आरशातच बघत म्हणाला. "डागदरान सांगल्यान ना तुका."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. हे लाडूलाही माहीत होतं आणि मलाही. मी माझी सफेद्याची डबी बंद केली आणि देवळाच्या पडवीत जाऊन बसलो.

ही आमच्याच गावच्या जत्रेतली गोष्ट. म्हणजे परमुलखात कुणी तोंड फिरवलं असं म्हणायलाही जागा नव्हती. मी यशवंत धुरी, गावात येसो. बायकांची कामं करणारा नट म्हणून दोन तालुक्यांत माझं नाव होतं. नाव कसलं, तोंड होतं. लोक म्हणायचे, येसो राणी होऊन रडायला लागला की बायका पदर शोधतात. आणि त्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या त्या तोंडालाच दृष्ट लागली.

सुरुवात डाव्या पापणीपासून झाली. कडेला एक बारीक फुगवटा आला. रांजणवाडी असेल म्हणून बायकोने लवंग उगाळून लावली. ती रांजणवाडी नव्हती, कारण ती दुखेना, पिकेना आणि जाईना. मग शेजारी दुसरी आली, मग उजव्या पापणीवर. महिन्याभरात दोन्ही पापण्यांखाली भिजलेला साबुदाणा भरल्यासारखं दिसायला लागलं. नाकाच्या पाळ्या तांबूस-जांभळ्या झाल्या. भुवईच्या वर लाकडी तलवारीची एक जुनी खूण होती, लाडूनेच युद्धात चुकून दिलेली. कित्येक वर्षं निपचित पडलेली ती खूणही लाल होऊन वर आली. नव्याने लागलं म्हणावं तर लागलेलं काहीच नव्हतं.

गावच्या औषधांनी काही फरक पडला नाही. तेवढ्यात सरकारी पाहणीवरचा माणूस गावात आला. तो कुष्ठरोगाचे चट्टे तपासत घरोघर फिरत असे. माझ्याकडे बघून तो थांबला. त्याने माझ्या गालावर, कपाळावर पीस फिरवलं आणि मला डोळे मिटायला लावून विचारलं, "कळता?" मी म्हटलं, कळतं. टाचणीही कळत होती. त्याने मान हलवली, "हो आमचो रोग दिसणा नाय, पण मोठ्या डागदराक दाखवा," असं म्हणाला आणि कोल्हापूरच्या कातडीच्या डॉक्टरांचं नाव दिलं.

त्याचं हे बोलणं माझ्या ओट्यावरच राहिलं. गावाने एवढंच पाहिलं की रगतपितीची तपासणी करणारा माणूस धुऱ्यांच्या ओट्यावर बराच वेळ बसला होता. पुढचं सगळं गावाने आपल्या मनाने पुरं केलं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी भुवईवरच्या खुणेचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि छातीचा फोटो काढायला लावला. "घाबरू नका, मला वेगळीच शंका आहे," असं म्हणाले. वेगळी म्हणजे बरी की वाईट, हे विचारायचं मला तिथे सुचलं नाही. घाटातून परत येताना एसटीत सुचलं. उत्तर यायला दोनतीन आठवडे लागणार होते आणि जत्रा मध्येच येत होती.

घरी रजनी, माझी बायको, तोंडाने काही बोलली नव्हती. पण माझा पंचा वेगळ्या दोरीवर वाळायला लागला होता. दोन वर्षांची आमची मनू रात्री तिच्याबरोबर माजघरात निजायची आणि मी ओटीवर. मनू "बाबा" करत धावत आली की रजनी तिला मध्येच उचलून घ्यायची, काहीतरी काम आठवल्यासारखं करून. मी तिला दोष देत नव्हतो. मीही मनूला हात लावायच्या आधी दोनदा हात धूत होतो.

पडवीत बसलो होतो तिथे नानूमामा आला. नानूमामा परब म्हणजे आमच्या कंपनीचा मालक. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. पण त्या दिवशी हळू बोलत होता.

"येश्या, आपा गावकार बोलवता. देवळात."

"कित्या?"

"उद्याच्या काल्याची गजाल आसा."

आमच्याकडे जत्रेत रात्रभर दशावतार होतो आणि उजाडताना कृष्णाचा वेश घेतलेला नट दह्याची हंडी फोडतो. तो काला त्याच्या हातून सगळा गाव घेतो आणि मगच जत्रा पुरी होते. आमच्या गावचा रिवाज असा की हंडी फोडणारा नट गावचाच हवा. कंपनीत गावचा मी एकटा. माझ्या आधी माझे काका फोडत. मी नाही फोडली तर काला नाही, आणि काला नाही तर वर्षभर गावात जे काही वाईट घडेल ते धुऱ्यांच्या नावावर जमा होणार.

आणि मी फोडली तर?

देवळात मानकरी जमले होते. आपा गावकार सगळ्यांत वडीलधारा, पण माझ्याकडे न बघता खांबाकडे बघून बोलला.

"येसवंता, राग मानू नको. लोक बोलतत. तुझ्या हातचा धय पोरांबाळांच्या तोंडात जातला."

"आपा, डागदर नाय म्हणता," मी म्हटलं.

"कागद इलो?"

"येतलो."

"मग कागद येयसर गावान काय करूचा? आमी बायेक इचारतो. ती काय सांगात ता तुका मान्य?"

मी मान हलवली. आमच्याकडे माणसांना जे ठरवता येत नाही ते देवीवर टाकतात. विहीर कुठे खणायची, वाटणी कशी करायची, सगळं कौल लावून. गुरवाने ग्रामदेवी सातेरीच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या फुलाच्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बायका सभामंडपाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांत मनूला कडेवर घेऊन रजनीही होती.

आपाने गाऱ्हाणं घातलं. "बाये सातेरी! आज तुझ्या लेकरांर प्रसंग इलो. धुऱ्यांच्या येसवंताच्या तोंडार कसली ती बला इली हा. उद्याची हंडी तेच्या हातान फोडूची आसात तर उजवी कळी दी. नको आसात तर डावी दी. लेकरांक फसव नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो. माझ्याच विरुद्धच्या खटल्यात मीच साक्षीदार झाल्यासारखं वाटत होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मी कळ्यांकडे बघत नव्हतो, गुरवाच्या पायांकडे बघत होतो. मग मागून कुणीतरी श्वास सोडला आणि आपा म्हणाला, "उजवी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जड पापण्यांमुळे ते लवकर बाहेरही पडेना. देवीने मला पदरात घेतलं, आता कोणाची काय बिशाद, असं मला वाटलं. मी वळून बघितलं तर रजनी मनूच्या झबल्याचं बटण लावत होती.

बाहेर आलो तेव्हा चहावाल्याने सगळ्यांना काचेच्या पेल्यांत चहा दिला. मला प्लास्टिकच्या. "पेले कमी आसत," तो म्हणाला. त्याच्या बादलीत धुतलेले पेले उपडे पडलेले मला दिसत होते. देवीचा कौल त्या बादलीपर्यंत पोचला नव्हता.

नाटकात मला काम नव्हतं. राणी दुसऱ्याच पोराने केली आणि बरी केली, हे सांगायला मला अजूनही जड जातं. आख्यान संपत आलं तेव्हा नानूमामा रंगपटात माझ्याजवळ येऊन बसला. रंगपट म्हणजे देवळामागची खोली, एका बाजूला पडदा. लाडू राक्षसाचा रंग पुसून बसला होता.

"येश्या," नानूमामा म्हणाला, "कौल देवीन दिल्यान. पण धय खातली माणसा."

"म्हणजे?"

"तुझो कृष्ण लाडू करतलो. तुझो पितांबर, तुझो मुकुट, निळो रंग. अंगान तुमी सारखे. गावाक दिसतलो येसो. देवीचो शब्द रवतलो. आनी उद्या कोणाच्या पोराक खरूज झाली, तरी माका सांगूक येतला, बाबानू, हात लाडूचो होतो."

नानूमामाचं डोकं असं चालायचं. देवीलाही फसवायचं नाही आणि माणसांनाही सांभाळायचं. लाडू परगावचा होता, उघड केलं असतं तर रिवाज मोडला म्हणून मानकऱ्यांनी कंपनीला गावबंदी केली असती. म्हणून तशीच वेळ आल्याशिवाय हे फक्त आम्हा तिघांत.

"माका कौल मिळालो हा, मामा," मी म्हटलं. "मी फोडतंय."

"फोड. मी अडवणय नाय." त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. त्या दिवसात माझ्याकडे सरळ बघणारा तो पहिलाच. "तुझी खात्री आसा? तुझी?"

खरं सांगायचं तर खात्री नव्हती. डॉक्टर 'वेगळी शंका' म्हणाले होते. वेगळी म्हणजे काय? समोर गावातली पोरं हात पुढे करणार, माझ्या बोटांवरचं दही चाटणार. त्यांत माझी मनूही असणार. देवीने होकार दिला होता, आणि तरीही माझ्याच हाताची मला भीती वाटत होती.

मी पितांबर लाडूकडे सरकवला.

लाडूने तो उचलला नाही. नुसता बघत राहिला. दुपारी आरसा काढून घेणारा लाडू आता माझ्या अंगावरचं वस्त्र नेसणार होता.

"नेस रे," नानूमामा म्हणाला. "लोकांक वळख पटाक व्हयी."

लाडूने डोळे मिटले, सातेरीचं नाव घेतलं आणि पितांबर नेसला. निळा रंग लावून मुकुट चढवल्यावर मलाच क्षणभर वाटलं, हा मी. फक्त त्याचे हात थरथरत होते.

मी पडद्याच्या फटीला डोळा लावून बसलो. पूर्वेला पांढुरकं झालं होतं. झांज वाजली, हंडी फुटली, लोकांनी देवीचा जयजयकार केला. लाडूने ओंजळ भरून काला घेतला आणि पुढे झाला.

कुणी हलेना.

दरवर्षी काल्याला अशी झुंबड उडायची की माझा मुकुट वाकडा व्हायचा. म्हातारे पोरांना ढकलायचे. त्या दिवशी दीड-दोनशे माणसं उभी होती आणि एक हात पुढे येत नव्हता. ज्याने कौल लावला तो आपा गावकार पानाच्या चंचीत सुपारी शोधत होता. चहावाला आकाशाकडे बघत होता. माझा सख्खा चुलतभाऊ लेंग्याची नाडी बांधायला खाली वाकला तो वर येईना. लाडूच्या ओंजळीतून दही गळून पितांबरावर पडत होतं. त्याने एकदा पडद्याकडे बघितलं. लाडूचा हात स्वच्छ होता, निरोगी होता, आणि माझा समजून तो हात सगळा गाव नाकारत होता. मी तिथे नसताना मला मिळालेला तो नकार मी फटीतून डोळ्यांनी बघत होतो. माणसाला मेल्यावर आपली प्रेतयात्रा बघता आली तर कसं वाटेल, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि मग बायकांच्या घोळक्यातून रजनी निघाली.

कडेवर मनू. अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं. ती सरळ चालत आली, लाडूसमोर उभी राहिली आणि उजवा हात पुढे केला. लाडूने काला दिला. तिने तो खाल्ला. मग बोटावर थोडं दही घेऊन मनूला चाटवलं. मनूने तोंड वाकडं केलं आणि आणखी मागितलं.

कुणीतरी हसलं. एक म्हातारी पुढे झाली, मग दुसरी. मग आपा गावकार चंची कमरेला खोचून आला. आणि बघता बघता नेहमीची झुंबड उडाली, लाडूचा मुकुट वाकडा झाला, पोरं ओरडायला लागली. "अशी बायल व्हयी," मला ऐकू आलं. "घोवाचो रोग बघूक नाय तिना."

मी पडद्याआड तोंडात पंचा कोंबून रडलो. माझी बायको मला घाबरत नव्हती! वेगळी दोरी, वेगळं अंथरूण, ते सगळं मी मनात घेतलं होतं म्हणून दिसलं असेल. वेळ आली तेव्हा ती गावासमोर माझ्यासाठी उभी राहिली. फक्त मी तिथे नव्हतो, आणि हे तिला कधी कळू द्यायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं. एवढं धाडस तिने केलं, ते लाडूसमोर वाया गेलं असं तिला वाटता कामा नये.

जत्रेनंतर कोल्हापूरहून निरोप आला. कुष्ठरोग नाही, क्षयही नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं, सार्कोइडोसिस. ते मला नीट म्हणायला यायला वर्ष गेलं. अंगातल्या पेशी विनाकारण गोळा होतात आणि गाठी करतात, कातडीत, पापणीत, जुन्या खुणांतसुद्धा. छातीत थोड्या गाठी होत्याच. "हा कुणाकडून येत नाही आणि कुणाला होत नाही," डॉक्टर म्हणाले. डोळे आतून तपासले, गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं सुजलं आणि मग पापण्या हळूहळू उतरल्या. नाकावर थोडा डाग राहिला, तो रंगाखाली झाकला जातो.

डॉक्टरांचा कागद मी आपा गावकाराला नेऊन दाखवला. त्याने तो उलटा धरून वाचला आणि म्हणाला, "बायेन आधीच सांगल्यान हुता."

माझा पंचा पुन्हा घरातल्यांच्या दोरीवर आला. आमचा संसार चांगला झाला, हे मी कुणासमोरही सांगेन. मनूनंतर मुलगा झाला. गावात रजनीचा मान वाढला. नवीन सुनांना तिची गोष्ट सांगायचे. ती ऐकताना खाली बघायची. मी म्हणायचो, काय विनय आहे.

गेल्या साली लाडू गेला. त्याच्या बाराव्याला आम्ही दोघे गेलो होतो. परत येताना एसटीच्या थांब्यावरून घरापर्यंत चालत होतो. संध्याकाळ व्हायची होती. मध्येच रजनी म्हणाली, "बरो माणूस होतो लाडूभावजी. त्या दिसा तेचे हात कसे थरथरत होते."

"खयच्या दिसा?"

"काल्याक."

मी थांबलो. ती चार पावलं पुढे गेली आणि तीही थांबली.

"तुका ठावक होता?"

"अवो, तुमच्या वांगडा पाच वर्सा संसार केललंय तोवर. तुमी कसे चालतास, खांदो कसो टाकतास, माका कळाचा नाय? लोक तोंड बघी होते. मी चालणा बघलंय."

वीस वर्षांपेक्षा जास्त काळ जपलेलं काहीतरी माझ्या हातातून निसटलं, आणि ते उचलायला मी वाकलोसुद्धा नाही.

"मग फुडे कित्या गेलंस?"

"कोण जाय नाय होता. मी नाय गेलंय असतंय तर तुमका गावान परत कधी उभो केलो नसतो. आनी हात लाडूभावजींचो होतो. माका भियाचा काय होता?"

म्हणजे तिने मला वाचवलं. आणि वाचवू शकली, कारण तो मी नव्हतो. मला राग आला. खूप आला. त्या पडद्याआडच्या रडण्याचा मला राग आला, नवीन सुनांना सांगितलेल्या गोष्टीचा राग आला.

"आनी थय खरोच मी आसतंय तर?"

तिने खोटं बोलायला हवं होतं. या वयात एवढं खोटं चालतं. पण रजनी विचार करून बोलली.

"तर फुडे इलंय नसतंय. कडेर चेडू होता."

आम्ही चालायला लागलो. घराच्या पाणंदीला लागल्यावर तिने विचारलं, अगदी सहज, भाजीचं विचारावं तसं.

"आनी तुमी? तुमी आसतास थय, कृष्ण होवन, आनी मी मनूक घेवन फुडे इलंय आसतंय. तर काला दिलो आसतास काय तिच्या हातार?"

मी पाणंदीतली सगळी वाट उत्तर शोधत चाललो. देवीचा कौल होता, गावाचा मान होता, माझ्या काकांची परंपरा होती. अंगणाच्या बेड्याशी पोचलो तरी खरं उत्तर एकच राहिलं.

"नाय," मी म्हटलं.

"मग झाला तर," रजनी म्हणाली, आणि बाराव्याहून आलो होतो म्हणून आत जाण्याआधी पाय धुवायला विहिरीकडे वळली. जाता जाता माझ्यासाठीही कळशी भरून ठेवते म्हणाली.